पितृहीन राणी, पितृहीन राजा आणि गोव्याची मुलं

1559 साली लिस्बनहून गोव्यासाठी एक हुकूम निघाला. गोवा शहरात आणि तिसवाडी बेटावर ज्या हिंदू मुलांचे आईवडील नाहीत, आजी-आजोबा नाहीत, सांभाळ करणारं थोरलं माणूस नाही, त्या मुलांना जेझुइटांच्या, म्हणजे येशूसंघाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या, सेंट पॉल कॉलेजात न्यावं, तिथे त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि तिथेच वाढवावं, असा त्याचा आशय होता. हुकूम राजाच्या नावाने होता. राजाचं नाव सेबास्तियांव आणि त्याचं वय पाच वर्षं. राज्य चालवत होती त्याची आजी, राजप्रतिनिधी कातारिना.

गोव्यातल्या धर्मछळाविषयी मराठीत बोललं जातं, लिहिलं जातं, त्यावरून आजही वाद होतात. या सगळ्यात कातारिनाचं नाव मला जवळजवळ कधीच भेटत नाही. जेझुइट मिशनरी फ्रान्सिस झेवियरचं नाव येतं, ‘पोर्तुगीज’ असं एक चेहरा नसलेलं बहुवचन येतं आणि चर्चा तिथेच संपते. पोर्तुगालमध्ये या राणीवर लिहिलं गेलं, पण तिथला आरोप वेगळाच: ती मनाने स्पॅनिश राहिली, नातवाला नीट घडवू शकली नाही, देश स्पेनच्या घशात जाण्याची वाट तिने मोकळी केली. अलीकडे कलेच्या इतिहासकारांनी तिला नव्याने शोधून काढलं, ते तिच्या चिनी पोर्सेलिनसाठी आणि सिंहली हस्तिदंती पेट्यांसाठी. माझं म्हणणं असं आहे की जो आरोप तिच्यावर झाला तो बव्हंशी अन्यायाचा आहे आणि जो जाब तिला विचारायला हवा तो कुणी विचारलेलाच नाही. स्त्री राज्यकर्त्यांचा इतिहास लिहायचा असेल तर त्यांच्या कर्तृत्वाइतकंच त्यांच्या सत्तेने केलेल्या नुकसानाचंही माप त्यांच्या पदरात घालावं लागेल.

तिचं बालपण समजून घेतल्याशिवाय हा विषय नीट कळत नाही. कातारिनाचा जन्म 14 जानेवारी 1507 रोजी कॅस्टिलमधल्या तोर्केमादा गावी झाला. बाप, फिलिप, चार महिन्यांपूर्वीच बुर्गोसला वारला होता. आई हुआना, कॅस्टिलची हक्काची राणी, नवऱ्याची शवपेटी घेऊन ग्रानादाकडे निघाली होती आणि वाटेतच बाळंत झाली. ‘वेडी हुआना’ म्हणून जग जिला ओळखतं ती हीच. 1509 मध्ये हुआनाच्या वडिलांनी तिला तोर्देसियासच्या वाड्यात कोंडलं; पुढे खुद्द तिच्या मुलाने, सम्राट पाचव्या चार्ल्सने, ती कैद चालू ठेवली. हुआना 1555 मध्ये मेली ती त्याच वाड्यात. राज्य तिचं, नाव तिचं आणि सत्ता आधी बापाची, मग लेकाची.

या कैदेत तिच्याजवळ होती ती फक्त धाकटी लेक. कातारिनाची खोली आईच्या खोलीच्या आत होती. बाहेर यायचं तर आईच्या खोलीतूनच यावं लागे. 1518 मध्ये चार्ल्सने धाकट्या बहिणीला तिथून सोडवायचं ठरवलं. त्याच्या माणसांनी भिंतीला भोक पाडून मुलीला गुपचूप काढून नेलं. हे कळल्यावर हुआनाने अन्नपाणी सोडलं. लेक परत आल्याखेरीज ती जेवणार नव्हती. एवढा मोठा राजा, पण त्याला माघार घ्यावी लागली. काही दिवसांत मुलगी परत आईपाशी आली. अकरा वर्षांच्या कातारिनाने आपल्यासाठी उपाशी बसलेली आई डोळ्यांनी पाहिली होती. हे लक्षात ठेवूया.

1525 मध्ये, अठराव्या वर्षी, तिचं लग्न पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंवशी झालं. हा राजा बदनाम नव्हता, दुष्टही नव्हता. तो धार्मिक होता, कर्जात होता, आणि ब्राझीलपासून मोलुक्कापर्यंत पसरलेल्या, झेपेनाशा झालेल्या साम्राज्याचा मालक होता. राणीला नऊ मुलं झाली. नऊच्या नऊ नवऱ्याच्या आधी गेली. वयात आली ती दोनच. मारिया स्पेनच्या फिलिपला दिली आणि 1545 मध्ये बाळंतपणात गेली. जुआंव मानुएल 2 जानेवारी 1554 रोजी गेला, वय सोळा. त्याची बायको गरोदर होती. अठरा दिवसांनी सेबास्तियांव जन्मला. त्याची आई हुआना, कातारिनाची भाचीही आणि सूनही, चारच महिन्यांत स्पेनचा कारभार पाहायला माहेरी गेली आणि पुन्हा कधी मुलाला भेटली नाही.

म्हणजे आजीने नातवाला कुशीत घेतलं तेव्हा दोघांची कहाणी सारखीच होती. दोघंही बाप मेल्यावर जन्मलेली, दोघांच्याही आया त्यांच्या वाट्याला पुऱ्या न आलेल्या.

11 जून 1557 रोजी तिसरा जुआंव वारला. रीतसर मृत्युपत्र त्याने केलेलं नव्हतं. राणीने नातवाच्या वतीने कारभार पाहावा अशी राजाची इच्छा होती, हे सांगणारी टिपणं सचिव पेरू द अल्कासोव्हा कार्नैरूने पुढे केली आणि त्या आधारावर ती राजप्रतिनिधी झाली. तिच्यासमोर दुसरा दावेदार होता दीर कार्डिनल हेन्रीक: पोर्तुगीज, पुरुष, धर्मगुरू आणि 1539 पासून पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणाऱ्या न्यायपीठाचा, प्रमुख. दरबारात आणि लोकांत बऱ्याच जणांचा कल त्याच्याकडे होता. तो कारभारात तिचा सहायक झाला.

यापुढची पाच वर्षं म्हणजे 1557 ते 1562. पोर्तुगीज लेखकांनी या पाच वर्षांकडे बहुतेक एकाच चष्म्यातून पाहिलं: ही बाई चार्ल्सची बहीण, तेव्हा मनातून कॅस्टिलचीच. याला आधार नाही असं नाही. स्पेनमधल्या युस्तेच्या मठात निवृत्त झालेल्या चार्ल्सने मरणाआधी जेझुइट फ्रान्सिस्को द बोर्जाला तिच्याकडे पाठवलं, ते सेबास्तियांवचं बरंवाईट झालं तर पोर्तुगालची गादी आपल्या नातवाला, डॉन कार्लोसला मिळावी ही बोलणी करायला. पण डॉन कार्लोस मारियाचा मुलगा होता, म्हणजे कातारिनाचाही सख्खा नातू. वारस संपल्यास पुढे काय, हा प्रश्न नऊ मुलं पुरलेल्या बाईने विचारात घेतला तर त्याला फितुरी म्हणायचं कशाच्या जोरावर? आणि तिने पोर्तुगालची बाजू राखली त्याचं काय? 1562 मध्ये मोरोक्कोच्या फौजांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या मझागांव या पोर्तुगीज किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तिने कुमक, दारूगोळा, धान्य पाठवत राहून किल्ला वाचवला. लिस्बनमध्ये तेव्हा तिचं कौतुक झालं.

तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिस्बनला भरलेल्या कोर्तेसपुढे, म्हणजे राज्याच्या प्रतिनिधी सभेपुढे, तिने कारभार सोडला. सभेने तेव्हा राजासाठी ज्या मागण्या केल्या त्या वाचल्या की त्या काळाची हवा कळते. राजाने पोर्तुगीज पद्धतीचे कपडे घालावेत, पोर्तुगीज पद्धतीने जेवावं, पोर्तुगीज बोलावं. आणि नऊ वर्षांचा झाला की त्याला बायकांमधून काढून पुरुषांच्या हवाली करावं. परकी आणि बाई, या दोन्ही गोष्टी त्या एका यादीत आल्या.

पुरुषांच्या हवाली केलेल्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते पोर्तुगालला ठाऊक आहे. धर्मयुद्धाच्या स्वप्नात वाढलेला हा तरुण लग्नाला तयार नव्हता, आजीचं ऐकायला तयार नव्हता. मोरोक्कोवरच्या मोहिमेला तिचा विरोध होता. त्याच्याभोवतीच्या जेझुइट शिक्षकांच्या पकडीविषयीही ती उघड नाराज होती. 12 फेब्रुवारी 1578 रोजी ती वारली. त्याच वर्षी 4 ऑगस्टला मोरोक्कोतल्या अल्कासर किबीरच्या रणात चोवीस वर्षांचा सेबास्तियांव मारला गेला. मूलबाळ नव्हतं. म्हातारा हेन्रीक दोन वर्षं राजा झाला आणि 1580 मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या फिलिपकडे गेला, तो साठ वर्षं. या शोकांतिकेचं खापर आजीच्या डोक्यावर फोडणं म्हणजे जिने अडवलं तिलाच दोषी धरणं. या बाबतीत कातारिनाची बाजू घ्यायला मला जराही संकोच वाटत नाही.

आता गोव्याकडे येऊ. इथे मला तिची बाजू घेता येत नाही.

1558 मध्ये तिच्या सरकारने कोन्स्तान्तीनू द ब्रागान्सा याला गोव्याचा व्हाइसरॉय म्हणून पाठवलं. 1559 मध्ये त्याने दमण जिंकलं, ते चार शतकं पोर्तुगीजांकडे राहिलं. त्याच वर्षी अनाथ मुलांचा हुकूम आला. 1560 मध्ये गोव्याचा पहिला आर्चबिशप गास्पार द लियांव आणि पहिला इन्क्विझिटर अलैशू दियश फाल्कांव गोव्यात पोचले आणि आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, साबायूच्या वाड्यात, इन्क्विझिशनची कचेरी थाटली गेली. 1561 मध्ये जाफना मोहिमेत हाती लागलेला, बुद्धाचा म्हणून पूजला जाणारा दात, ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने देऊ केलेली प्रचंड रक्कम नाकारून, गोव्यात जाहीरपणे नष्ट केला गेला. हे सारं त्याच पाच वर्षांतलं.

त्यातला इन्क्विझिशनचा संबंध लोकांच्या तोंडी फक्त झेवियरशी जोडलेला असतो. झेवियरने 16 मे 1546 रोजी राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितलं, हे खरं आहे आणि ते झाकण्याचं काही कारण नाही. पण तो 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. पत्र मिळाल्यावरही तिसऱ्या जुआंवने आपल्या हयातीत, पुढची अकरा वर्षं, गोव्यात न्यायपीठ स्थापन केलं नाही. ते झालं कातारिनाच्या कारभारात आणि हेन्रीकच्या अधिकाराखाली. मागणी करणारा एक, मंजुरी देणारे दुसरे. मागणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आणि सही-शिक्का ज्यांचा चालत होता ते विस्मृतीत, हा इतिहासाचा कुठला न्याय?

यावर एक उत्तर असं मिळेल की इन्क्विझिशन हा हेन्रीकचा प्रांत होता, राणी काय करणार? उत्तर अगदी पोकळ नाही. इन्क्विझिटर नेमण्याचा अधिकार त्याचाच होता. पण त्या न्यायपीठाला वाडा, पगार, शिपाई, तुरुंग आणि व्हाइसरॉयचं बळ लागत होतं, ते राज्याचं होतं. शिवाय अनाथ मुलांचा कायदा हा चर्चचा आदेश नव्हता, राज्याचा होता. जी राणी मझागांवसाठी खजिना हलवू शकत होती, राजाच्या लग्नाच्या बोलण्यांत सम्राटाशी आणि पोपशी पत्रव्यवहार करत होती, ती गोव्याच्या बाबतीत मात्र असहाय होती असं म्हणायचं असेल तर आपण तिला पुन्हा बाहुली करतो. तिच्या विरोधकांना हेच हवं होतं.

दुसरं उत्तर ‘तो काळच तसा होता’ हे. गोव्यापुरतं बोलायचं तर तेही पुरत नाही. 1510 मध्ये अफोन्सू द आल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा त्याने सती बंद केली, पण हिंदूंच्या इतर धर्माचाराला हात लावला नाही. गावकऱ्यांच्या जुन्या व्यवस्थेवरच महसूल उभा राहिला. तिसवाडीतली देवळं पाडली गेली ती 1540 मध्ये, तीस वर्षांनंतर. म्हणजे त्याच शतकात, त्याच राजघराण्याखाली, त्याच बेटावर वेगळं धोरण चाललेलं होतं. ते बदललं, बदलणारी माणसं होती, आणि त्यांना नावं आहेत.

परिणाम काय झाले ते गोव्याला नव्याने सांगायची गरज नाही. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. जुवारी नदीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता आणि पोर्तुगीजांच्या हातून सुटलेल्या देवांना तिथे आसरा मिळाला. माणसंही गेली: कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत, आणि वर रत्नागिरी, राजापूर. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत आज फोंड्यात आहे ते या स्थलांतरामुळे. अनाथांच्या कायद्याची व्याप्ती पुढे वाढत गेली. बाप मेला की आई जिवंत असूनही मूल अनाथ धरलं जाऊ लागलं आणि ‘पाय दुश क्रिश्तांवश’ (ख्रिस्त्यांचा पिता) नावाचा अधिकारी अशा मुलांच्या शोधात असे. मूल हातचं जाऊ नये म्हणून घरच्यांनी ते रातोरात नदीपार धाडणं हा त्या काळच्या गोव्याचा अनुभव आहे.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. पुढच्या काळात ज्या अर्थाने गोव्यातलं मूल अनाथ ठरत होतं, त्या अर्थाने खुद्द राणी कातारिना अनाथ होती. तिचा बाप तिच्या जन्माआधी गेला होता आणि आई जिवंत होती. तिचा नातू, ज्याच्या नावाने हुकूम निघाला, तोही त्याच अर्थाने अनाथ होता. भिंत फोडून नेलेली मुलगी आईला परत मिळाली, कारण आईने अन्न सोडलं आणि नेणारा तिचाच मुलगा होता. गोव्यातल्या आईने अन्न सोडलं असतं तर ते लिस्बनला कळलं तरी असतं का? दुःख सोसलेला माणूस दुसऱ्याचं दुःख ओळखतोच असं आपण सहज धरून चालतो. कातारिनाने ते ओळखलं असेल, पण तिच्या श्रद्धेप्रमाणे बाप्तिस्मा ही त्या मुलांची सुटका होती. त्या मुलांवर ती उपकारच करत आहे, असं तिला मनापासून वाटलं असणार. म्हणूनच हा प्रसंग आजच्या वाचकानेही गंभीरपणे घ्यावा: मुलाच्या भल्याच्या नावाखाली राज्याने मूल घरातून काढून नेणं हे सोळाव्या शतकाबरोबर संपलेलं नाही. ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात आदिवासी मुलांबाबत विसाव्या शतकातही ते घडलं आणि दोन्ही देशांच्या सरकारांना 2008 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली.

आता कलेच्या इतिहासाविषयी. कातारिनाचा संग्रह तेव्हाच्या युरोपात अपूर्व होता. गोव्याहून लिस्बनला येणाऱ्या जहाजांतून तिच्यासाठी पोर्सेलिन, हस्तिदंत, रत्नं, सुती आणि रेशमी कापड, पंखे येत आणि ती ते माद्रिद-व्हिएन्नाच्या नातलगांना भेट म्हणून पाठवी. लिस्बनजवळ बेलेंच्या जेरोनिमुश मठात तिने बांधून घेतलेल्या नव्या गर्भगृहात, 1571-72 च्या त्या चॅपलमध्ये, ती आणि तिसरा जुआंव यांच्या समाध्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. पर्यटक ते हत्ती कौतुकाने पाहतात. हा अभ्यास मोलाचा आहे. राणीची आवड, तिची राजनीती, भेटवस्तूंमधून जुळलेली नाती त्यातून कळली. पण तीच जहाजं परतीच्या वाटेवर तिचे हुकूम घेऊन मांडवीच्या मुखाशी येत होती. येणाऱ्या मालाची यादी बारकाईने छापायची आणि जाणाऱ्या कागदांकडे पाहायचं नाही, याने राणीचा अर्धाच इतिहास लिहून होतो.

स्त्रीला इतिहासातून पुसण्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत आणि त्याच दशकातली आहेत. 1565 मध्ये अहमदनगरचा हुसेन निजामशहा वारल्यावर त्याची राणी खुंजा हुमायून मुलाच्या नावाने राज्य चालवू लागली. काही वर्षांनी त्या मुलानेच तिला कैद केलं. हुसेनशहाच्या स्तुतीसाठी लिहिलेलं फारसी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी बसलेली राणी नंतर कुणीतरी खरवडून, रंग फासून घालवलेली आहे. कातारिनाच्या बाबतीत चेहरा शिल्लक आहे, चित्रकार अंतोनिस मोरने 1552 मध्ये रंगवलेलं तिचं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. पुसला गेला तो तिचा कारभार. गोव्याच्या कथेत ती नाही आणि तिच्या कथेत गोवा नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण हा विषय निघाला की बोट आजच्या शेजाऱ्याकडे वळतं. इन्क्विझिशनने ज्यांना पकडलं, कोंडलं, जाळलं, त्यांत प्रामुख्याने बाप्तिस्मा झालेलीच माणसं होती: आधी ज्यू वंशाचे, मग हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले. 1561 ते 1774 या काळात सुमारे सोळा हजार खटले चालले. 1736 च्या जाहीरनाम्याने बंदी घातली ती मीठ न घालता भात शिजवण्यावर, अंगणातल्या तुळशीवर, लग्नातल्या गाण्यांवर. हे ख्रिस्ती घरांतलं जगणं होतं. आजचे गोव्यातले ख्रिस्ती त्याच घरांचे वंशज आहेत. या अन्यायाचा वारसा जितका कवळ्याला जाणाऱ्यांचा आहे तितकाच त्यांचाही आहे. जबाबदारी लिस्बनच्या दरबाराची, आणि ती नावानिशी सांगितली तरच ती शेजाऱ्याच्या माथी मारली जाणार नाही. ‘पोर्तुगीजांनी केलं’, ‘चर्चने केलं’ अशी मोघम भाषाच आजच्या निरपराध माणसापर्यंत पोचते.

यासाठी साधनं नाहीत असंही नाही. गोव्याच्या न्यायपीठाचे बहुतेक कागद 1812 मध्ये ते कायमचं बंद झाल्यानंतर नष्ट झाले, पण राज्याचे हुकूम उरले. पोर्तुगीज अभ्यासक कुन्या रिव्हाराने ते एकोणिसाव्या शतकात पणजीत छापले, अ. का. प्रियोळकरांनी 1961 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. प्रियोळकर मराठीचे मोठे अभ्यासक. त्यांनी जिथवर आणून सोडलं तिथून पुढे जाण्याची जबाबदारी मराठीतल्या इतिहास-विभागांची आहे. 1559 चा हुकूम मूळ पोर्तुगीजवरून मराठीत आणि कोंकणीत, टिपांसह, विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला हवा. जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची एक कमान तेवढी उभी आहे. तिथल्या फलकावर झेवियरबरोबर त्या मुलांचाही उल्लेख असावा, कायद्याचं वर्ष असावं आणि तो कुणाच्या कारभारात निघाला ते असावं: राजप्रतिनिधी कातारिना, कार्डिनल हेन्रीक, व्हाइसरॉय कोन्स्तान्तीनू द ब्रागान्सा. तिन्ही नावं, एकाच आकाराच्या अक्षरांत.